सर्टिफिकेट मिळालं, आता ते चालू ठेवायचं कसं? क्रमाने करायची कामं आणि नेहमी होणाऱ्या चुका

जळगाव, धुळे, नंदुरबारमधून शिकून पुण्या-मुंबईला लागलेल्या किंवा गावीच राहून घरून काम करणाऱ्या आयटीतल्या मंडळींची एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. मेहनतीने एखाद्या आयटी सर्टिफिकेशनची परीक्षा पास होते, बॅज (सर्टिफिकेटची ऑनलाइन खूण) लिंक्डइनवर लागतो आणि दोन-तीन वर्षांनी मुलाखतीच्या आदल्या दिवशी कळतं की मुदत संपून चार महिने झाले. अभ्यास कमी पडला म्हणून असं क्वचितच होतं. कामं उलट्या क्रमाने होतात म्हणून होतं: आधी फी भरली जाते, मग नियम वाचले जातात, आणि हे सर्टिफिकेट आपल्याला अजून लागतं का, हे तर विचारलंच जात नाही.

खालचे पहिले तीन टप्पे एका रविवारी उरकतात. ते झाल्याशिवाय चौथ्याकडे जाऊ नका.

## १. खातं आणि नाव आधी दुरुस्त करा

सर्वांत महाग पडणारी चूक ईमेलची आहे. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ईमेलवर खातं उघडलं जातं. कॉलेज सुटलं, नोकरी बदलली की तो पत्ता बंद होतो. मग मुदतीची आठवण तिकडेच जाते आणि पासवर्ड बदलायचा कोडही तिकडेच.

प्रत्येक सर्टिफिकेशनच्या खात्यात लॉगिन करून बघा:

- मुख्य ईमेल तुमचा स्वतःचा, खाजगी आहे का?
- मोबाइल नंबर चालू आहे का? दोन टप्प्यांच्या लॉगिनचा कोड जुन्या हँडसेटमधल्या ॲपवर तर अडकलेला नाही ना?
- एकाच संस्थेत तुमची दोन खाती झाली आहेत का? मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत हे फार होतं. परीक्षा ऑफिसच्या खात्याने दिलेली असते आणि मायक्रोसॉफ्ट लर्न (त्यांचं शिकण्याचं संकेतस्थळ) खाजगी खात्याने उघडलेलं असतं. मग रिन्यू करायचं बटणच दिसत नाही. ऑफिसचं खातं चालू आहे तोवर लर्नच्या प्रोफाइलमध्ये खाजगी खातं जोडून घ्या. नोकरी सोडल्यावर हेच काम सपोर्टशी पत्रव्यवहार करून करावं लागतं.

आता नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा, पॅनवर कधी मधलं नाव पूर्ण तर कधी नुसतं अक्षर. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर अर्धे कागद माहेरच्या नावाचे. सोनवणे, बाविस्कर, चौधरी ही आडनावं इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात, आणि परीक्षेचा पर्यवेक्षक ओळखपत्रावरचं स्पेलिंग नोंदणीतल्या स्पेलिंगशी पडताळतो. परीक्षेला जे ओळखपत्र दाखवणार आहात ते एकच ठरवा आणि सगळ्या खात्यांत नाव हुबेहूब तसंच करून घ्या. पासपोर्ट असेल तर तोच ठरवणं सोयीचं, कारण त्यावर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत छापलेलं असतं.

सावध: परीक्षेची तारीख घेतल्यानंतर नाव बदलायला वेळ लागतो, आणि नाव जुळलं नाही म्हणून परत पाठवलं तर फी सहसा जाते. तारीख घेण्याआधी नाव दुरुस्त झालंच पाहिजे.

## २. एका पानावर सगळी यादी

वहीत करा किंवा एक्सेलमध्ये, पण यादी एकाच जागी हवी. रकाने एवढे पुरे: सर्टिफिकेशनचं नाव, पास झाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, रिन्यू करण्याचा मार्ग, जमलेली क्रेडिट (शिकण्या-शिकवण्याच्या तासांबद्दल मिळणारे गुण), वार्षिक फी, खात्याचा ईमेल, बॅजची लिंक.

मुदतीची तारीख आठवणीवर लिहू नका. खात्यात जी दिसते ती लिहा. पास झाल्याच्या तारखेत तीन वर्षं मिळवून तारीख काढणारे चुकतात, कारण मध्ये वरची परीक्षा दिली असेल तर तारीख बदललेली असते. मुदतही सगळीकडे तीन वर्षं नाही.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीला एक बॅजची लिंक आहे का, आणि ती लिंक लॉगिन न करता, दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडते का? एचआरवाले तीच उघडतात.

## ३. काय ठेवायचं, काय सोडायचं

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि नंतर तीन-तीन सर्टिफिकेटांची फी भरत बसतात. एकाच वेळी दोन, फार तर तीन सर्टिफिकेशन जिवंत ठेवणं बहुतेकांना पुरतं. बाकीची मिळाली होती एवढं बायोडेटात राहिलं तरी चालतं.

ठरवायची पद्धत साधी आहे. पुढच्या दोन वर्षांत जे काम करायचंय त्या कामाच्या २० जाहिराती उघडा. तुमचं सर्टिफिकेशन किती जाहिरातींत नावाने मागितलं आहे ते मोजा. तीनपेक्षा कमी असेल आणि सध्याच्या कंपनीलाही त्याची गरज नसेल, तर त्यावर पैसे घालू नका. कंपनीची गरज कधीकधी वेगळी असते: क्लाऊड कंपन्यांच्या पार्टनर संस्थांना ठरावीक संख्येने सर्टिफाइड लोक दाखवावे लागतात. अशा वेळी रिन्यूचा खर्च कंपनीने द्यावा, आणि तसं मॅनेजरला स्पष्ट विचारावं.

मग ते सर्टिफिकेशन बंद तर होणार नाही ना, हे बघा. एडब्ल्यूएसने (ॲमेझॉनची क्लाऊड सेवा) डेटा ॲनालिटिक्स, डेटाबेस आणि एसएपी ही तीन स्पेशालिटी सर्टिफिकेशन एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टची डीपी-२०३ ही ॲझ्युअर डेटा इंजिनिअरची परीक्षा ३१ मार्च २०२५ ला बंद झाली आणि पुढचा रस्ता फॅब्रिककडे (मायक्रोसॉफ्टची डेटाची नवी प्रणाली), म्हणजे डीपी-७०० या परीक्षेकडे वळला. बंद झालेलं सर्टिफिकेट मुदतीपर्यंत वैध राहतं, पण नंतर रिन्यू होत नाही. त्याच्या जागी काय आलं आहे ते बघून त्याचीच तयारी सुरू करावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. परीक्षेची आवृत्ती बंद होणं आणि सर्टिफिकेशन बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या सुरक्षेच्या सर्टिफिकेशनची एसवाय०-६०१ ही आवृत्ती जुलै २०२४ अखेर बंद झाली आणि ७०१ चालू राहिली. पण ज्यांनी ६०१ दिली होती त्यांचं सर्टिफिकेट त्यामुळे रद्द झालं नाही. ते आपापल्या तीन वर्षांपर्यंत चालतं. आवृत्ती बदलली म्हणून घाबरून पुन्हा फी भरू नका.

## ४. रिन्यूचा मार्ग: प्रत्येकाचा नियम वेगळा

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. एका संस्थेचा नियम दुसरीला लावला की वर्ष वाया जातं. खाली दिलेले नियम आणि रकमा पैसे भरण्याआधी आपल्या खात्यात एकदा पडताळून घ्या, कारण संस्था त्या बदलत असतात.

मायक्रोसॉफ्ट. असोसिएट, एक्स्पर्ट आणि स्पेशालिटी सर्टिफिकेशनची मुदत फक्त एक वर्ष. फंडामेंटल्सला मुदत नाही. रिन्यू मोफत आहे: मुदत संपण्याच्या सहा महिने आधी मायक्रोसॉफ्ट लर्नवर एक छोटी ऑनलाइन चाचणी उघडते, पर्यवेक्षक नसतो, घरी बसून देता येते. नापास झालात तर लगेच दुसऱ्यांदा देता येते, त्यानंतर प्रत्येक वेळी २४ तास थांबावं लागतं. पास झालात की मुदत मूळ तारखेपासून एक वर्ष पुढे जाते, म्हणजे लवकर दिल्याने काहीही जात नाही. तरी लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. मुदत संपली तर सवलतीचे दिवस नाहीत, पूर्ण परीक्षा फी भरून पुन्हा द्यावी लागते.

अजून एक: ॲझ्युअरचं एक्स्पर्ट रिन्यू केलं म्हणून खालचं असोसिएट आपोआप रिन्यू होत नाही. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या द्याव्या लागतात.

एडब्ल्यूएस. मुदत तीन वर्षं. इथे नियम नेमका उलटा आहे: वरची परीक्षा पास झालात तर त्याच वाटेवरची खालची सर्टिफिकेशन सोबत रिन्यू होतात. सोल्यूशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल पास झालात की असोसिएट आणि क्लाऊड प्रॅक्टिशनर दोन्ही पुढे सरकतात. म्हणून असोसिएटची मुदत जवळ आली असेल आणि हाताला दोन-तीन वर्षांचं काम असेल, तर तीच परीक्षा पुन्हा देण्यापेक्षा वरचीची तयारी करा. नवी मुदत परीक्षेच्या दिवसापासून मोजली जाते. फार आधी देऊन महिने घालवू नका. शेवटच्या चार-पाच महिन्यांतली वेळ योग्य. नापास झालात तर १४ दिवसांनीच पुन्हा बसता येतं, तेवढी जागा सोडा.

सिस्को. मुदत तीन वर्षं. सीसीएनए (नेटवर्किंगचं असोसिएट पातळीचं) रिन्यू करायला ३० कंटिन्युइंग एज्युकेशन क्रेडिट किंवा एक परीक्षा लागते. त्याच्या वरच्या सीसीएनपीला ८० क्रेडिट किंवा एक टेक्नॉलॉजी कोअर (विषयाची मुख्य) परीक्षा. कोअर परीक्षा पास झाली तर सीसीएनएही सोबत रिन्यू होतं, त्यामुळे नेटवर्किंगमध्येच राहणाऱ्यांनी दुसऱ्या वर्षापासून तिकडे बघावं. सिस्को अधूनमधून मोफत क्रेडिट देणारे अभ्यासक्रम थोड्या दिवसांसाठी उघडते. त्यांच्या ईमेलची सदस्यता बंद करून ठेवली असेल तर ते हुकतात.

कॉम्पटिया. मुदत तीन वर्षं. ए प्लसला २० क्रेडिट, नेटवर्क प्लसला ३०, सिक्युरिटी प्लसला ५०, साय्सा (CySA) प्लसला ६०. वार्षिक फी वेगळी: ए प्लसला वर्षाला २५ डॉलर, सिक्युरिटी प्लससारख्यांना ५० डॉलर. क्रेडिट पूर्ण आहेत पण फी थकली, म्हणून सर्टिफिकेट गेलं, असं होतं. वरचं सर्टिफिकेशन घेतलं की खालची रिन्यू होतात.

सीआयएसएसपी (सायबर सुरक्षा) आणि सिसा (आयटी ऑडिट). दोन्हीकडे तीन वर्षांत १२० सीपीई (शिक्षणाचे तास). सिसाला प्रत्येक वर्षी किमान २० झालेच पाहिजेत. पहिल्या वर्षी शून्य आणि तिसऱ्या वर्षी १२० असं चालत नाही. सीआयएसएसपीसाठी वर्षाला ४० धरून चला, म्हणजे आठवड्याला पाऊण तास. सीआयएसएसपीची वार्षिक फी १३५ डॉलर.

पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापन). तीन वर्षांत ६० पीडीयू (तिथली क्रेडिट), त्यातले किमान ३५ शिक्षणाचे. त्या ३५ मध्ये कामाच्या पद्धती, माणसं सांभाळण्याची कौशल्यं आणि व्यवसायाची समज या तिन्ही बाजूंचे प्रत्येकी किमान ८ हवेत. फक्त अजाईलचे (कामाच्या एका पद्धतीचे) वेबिनार बघून ६० जमवणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं.

गुगल क्लाऊड. प्रोफेशनलची मुदत दोन वर्षं आणि रिन्यूची परीक्षा मुदतीच्या ६० दिवस आधीच उघडते. असोसिएटची तीन वर्षं आणि खिडकी १८० दिवसांची.

सीकेए (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीस प्रणालीचं). १ एप्रिल २०२४ पासून पास झालेल्यांना दोनच वर्षं, त्याआधीच्यांना तीन. जुन्या लेखांत अजून सगळीकडे तीन लिहिलेलं आहे.

रेड हॅट. आरएचसीएसए (लिनक्स सिस्टिम सांभाळण्याचं) तीन वर्षं. त्याच्या वरचं आरएचसीई मिळवायला आरएचसीएसए चालू असावं लागतं, म्हणून ते संपण्याआधीच वरच्या परीक्षेला बसा.

तपासा: यादीतल्या ‘मार्ग’ या रकान्यात आता प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहिलेलं हवं: मोफत चाचणी, क्रेडिट, तीच परीक्षा किंवा वरची परीक्षा. ‘बघू’ असं कुठे राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

## ५. तारखा उलट्या मोजा

मुदतीच्या तारखेपासून मागे मोजत चार आठवणी मोबाइलमध्ये लावा: १८० दिवस, ९० दिवस, ४५ दिवस, १४ दिवस. १८० ला मार्ग आणि नियम पुन्हा वाचायचे, ९० ला अभ्यास सुरू, ४५ ला परीक्षा किंवा चाचणी, आणि १४ हा नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाचा शेवटचा दिवस. संस्थांच्या ईमेलवर भिस्त ठेवू नका, ते स्पॅममध्ये जातात.

मायक्रोसॉफ्टची मुदत जागतिक वेळेनुसार रात्री ११:५९ ला संपते. भारतीय वेळेशी त्याचा हिशोब मांडण्यापेक्षा आदला दिवस हाच शेवटचा दिवस समजा.

तारीख ठरवताना घरचं कॅलेंडर शेजारी ठेवा. घरी शेती असेल तर जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरपासूनची कापूस वेचणी यांत अभ्यास होत नाही. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. श्रावणात कानबाईचे रोट असतात, तेव्हा भाऊबंद घरी जमतात. मुदत नेमकी या काळात संपत असेल तर ४५ दिवसांची खूण पुरणार नाही, परीक्षा त्या हंगामाच्या आधीच ओढा. जानेवारी-फेब्रुवारी हा आपल्याकडे सगळ्यांत मोकळा काळ: हवा थंड आणि घरची कामं कमी.

वर्षातून एकदा पूर्ण यादी तपासायला आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आठवडा धरा. सालदारांचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांचा) हिशोब त्याच दिवसांत होतो, नवं सालही तेव्हाच ठरतं, त्यामुळे ही तपासणी लक्षात राहायला सोपी जाते.

## ६. क्रेडिट जमवताना पुरावा त्याच दिवशी

क्रेडिट मिळवणं अवघड नाही. ते सिद्ध करता न येणं ही खरी अडचण. संस्था काही जणांना ऑडिटसाठी निवडते आणि पुरावा मागते. दोन वर्षांपूर्वीच्या वेबिनारचा पुरावा तेव्हा शोधून सापडत नाही.

प्रत्येक उपक्रमाच्या पुराव्यात चार गोष्टी हव्यात: तुमचं नाव, तारीख, तासांची संख्या, विषय. नुसता स्क्रीनशॉट, ज्यात नाव नाही, तो चालत नाही. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात, आणि त्याच दिवशी संस्थेच्या पोर्टलवर नोंद करा. शेवटी एकदम भरू म्हणणारे तासही विसरतात आणि विषयही.

विषय जुळतो का ते आधी बघा. कॉम्पटियाला उपक्रमातला किमान निम्मा भाग त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाशी जुळलेला लागतो. दोन दिवसांच्या परिषदेत एकच सत्र सुरक्षेवर असेल तर पूर्ण दोन दिवस मोजू नका, त्या सत्राचे तास मोजा.

खान्देशात राहणाऱ्यांना एक मार्ग सहज मिळतो आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत: शिकवणं. कॉम्पटिया, पीएमआय (पीएमपी देणारी संस्था) यांसारख्या संस्था शिकवण्याचे तास ठरावीक मर्यादेत धरतात. जळगाव, धुळे, शिरपूर, शहाद्याकडच्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांना प्रत्यक्ष काम करणारे लोक बोलायला हवे असतात. व्याख्यान झालं की कॉलेजच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, तारीख, तास, विषय आणि सही-शिक्क्याचं पत्र तिथेच मागून घ्या. ‘नंतर पाठवतो’ वर सोडलेलं पत्र परीक्षांच्या गडबडीत राहून जातं.

सावध: एकच उपक्रम दोन संस्थांकडे नोंदवता येतो, पण एकाच संस्थेत दोन वेळा नाही. आणि मागच्या तीन वर्षांच्या चक्रातले तास नव्या चक्रात सहसा चालत नाहीत. पीएमपीमध्ये शेवटच्या वर्षातले जास्तीचे २० पर्यंत पीडीयू पुढे नेता येतात, ती सवलत सगळीकडे आहे असं धरू नका.

## ७. हात चालू ठेवा

रिन्यू झालेलं सर्टिफिकेट मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांपुरतं असतं. त्यानंतर ‘हे कधी केलंय का’ असं विचारतात. म्हणून प्रत्येक सर्टिफिकेशनमागे स्वतः उभं केलेलं एक चालू काम ठेवा आणि दर तीन महिन्यांनी त्यात एक नवी गोष्ट घाला.

खर्च फार नाही. सीसीएनएसाठी पॅकेट ट्रेसर (सिस्कोचं नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर) मोफत आहे. रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापरासाठी १६ सिस्टिमपर्यंत मोफत मिळतं. कुबरनेटीससाठी घरच्या लॅपटॉपवर मिनिक्यूब (एकाच मशीनवर चालणारं छोटं कुबरनेटीस) चालतं. त्याला किमान २ सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क लागते, म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप पुरतो.

क्लाऊडवर मात्र जपून. खातं उघडल्या दिवशी पहिलं काम बजेट अलर्ट लावण्याचं, मग बाकी सगळं. एडब्ल्यूएसमध्ये सरावानंतर व्हर्च्युअल मशीन बंद केली जाते पण नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटची वाट देणारी सेवा) तसाच राहतो. त्याचं भाडं ताशी चार-पाच सेंट दिसतं, म्हणून दुर्लक्ष होतं, आणि महिन्याला ३० डॉलरच्या वर बिल येतं. न जोडलेले पब्लिक आयपी आणि विसरलेले डिस्क स्नॅपशॉट हेही तसेच. सराव टेराफॉर्मने (कोड लिहून क्लाऊडवरची मांडणी उभी करायचं साधन) उभा केला तर एका कमांडने सगळं पाडता येतं. ती सवय परीक्षेलाही उपयोगी पडते.

मायक्रोसॉफ्टची रिन्यूची चाचणी पुस्तक उघडून देता येते, म्हणून ती मित्राकडून देऊन घेणारे आहेत. त्या चाचणीतले प्रश्न वर्षभरात बदललेल्या गोष्टींवर असतात. त्यासोबत दिलेले लर्नचे धडे स्वतः वाचले तर वर्षाची नवी माहिती थोड्या तासांत हातात येते. इतकं फुकट आणि इतकं नेमकं वाचायला दुसरीकडे मिळत नाही.

## ८. पैसे

फी डॉलरमध्ये असते. हिशोब असा करा: फी गुणिले त्या दिवसाचा दर, त्यावर जीएसटी लागत असेल तर १८ टक्के, आणि कार्डाचं परदेशी व्यवहाराचं शुल्क, जे बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के असतं. एडब्ल्यूएस असोसिएटची फी १५० डॉलर, प्रोफेशनलची ३००. एडब्ल्यूएसची कोणतीही परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेला ५० टक्के सवलतीचं कूपन खात्यातल्या बेनिफिट्समध्ये येतं. ते स्वतः जाऊन काढावं लागतं, आणि कित्येकांनी तो विभाग कधी उघडलेलाच नसतो.

नव्या डेबिट कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते आधी चालू करा, पैसे भरून झाले की पुन्हा बंद करा.

सावध: टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर ‘खात्रीशीर प्रश्नसंच’ किंवा ‘तुमच्याऐवजी परीक्षा देऊ’ म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेच्या करारावर होकार देता. असे प्रश्न वापरल्याचं आढळलं तर संस्था सर्टिफिकेट रद्द करते आणि पुढे बसू देत नाही, आणि आधी प्रामाणिकपणे मिळवलेलीही त्यात जातात.

## ९. परीक्षेचा दिवस

इंग्रजी ही आपली मातृभाषा नाही, याचा हक्काचा फायदा घ्या. एडब्ल्यूएस इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या अशा उमेदवारांना ३० मिनिटं जास्त देतं. ही मागणी खात्यात, परीक्षेची तारीख घेण्याच्या आधी करायची असते. एकदा मंजूर झाली की पुढच्या परीक्षांनाही लागू राहते. तारीख घेतल्यावर आठवली तर त्या परीक्षेला उपयोग नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी ही अर्धा तासाची भर लांबलचक प्रश्नांत फार मोलाची आहे.

घरून द्यायची की केंद्रावर, हे भावनेने ठरवू नका. घरून देण्यासाठी बंद दाराची खोली, रिकामं टेबल, स्थिर नेट आणि वीज लागते. खोलीत कोणी आलं किंवा तुम्ही मोठ्याने प्रश्न वाचला तरी परीक्षा थांबवली जाऊ शकते. एकत्र कुटुंबाच्या घरात, सुट्टीत पोरं असताना, हे जमेलच असं नाही. मग केंद्र बरं. बुकिंगच्या पानावर पिनकोड टाकून जवळचं केंद्र बघा. धुळ्याहून नाशिक, जळगाव-भुसावळहून छत्रपती संभाजीनगर असा आदल्या दिवशीचा प्रवास धरा.

घरून देत असाल तर:

1. ज्या लॅपटॉपवर, ज्या नेटवर परीक्षा देणार त्यावरच सिस्टिम टेस्ट चालवा, तीही त्याच वेळेला. ऑफिसचा लॅपटॉप टाळा, त्यातलं व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात.
2. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राऊटर बंद पडला की परीक्षा गेली. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंदचा मेसेज आला असेल तर तारीख बदला.
3. एप्रिल-मेमध्ये सकाळी ६ ते ८ ची वेळ घ्या. जळगाव-भुसावळचा पारा ४४ च्या पुढे गेल्यावर दुपारी कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या आवाजात माइक नीट चालत नाही.
4. वेळेच्या ३० मिनिटं आधी चेक-इन सुरू करा. टेबलावर ओळखपत्राशिवाय काही नको. भिंतीवरचं वेळापत्रक, दुसरा मॉनिटर, स्मार्ट घड्याळ बाहेर.

तारीख बदलायची असेल तर एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्टकडे किमान २४ तास आधी बदला. त्यानंतर फी जाते.

## १०. पास झाल्यावर लगेच

नवी तारीख खात्यात दिसते का ते दोन-तीन दिवसांनी बघा. यादीत ती लिहा, चार आठवणी नव्याने लावा. सवलतीचं कूपन काढून ठेवा. लिंक्डइनवर जुनी मुदत तशीच राहते, ती हाताने बदलावी लागते. अनेकांचं सर्टिफिकेट चालू असून प्रोफाइलवर मात्र संपलेलं दिसतं. नोकरीच्या पोर्टलवरचा बायोडेटाही त्याच दिवशी बदला.

## मुदत उलटलीच तर

आधी त्या संस्थेचा नियम बघा. पीएमपी एक वर्ष निलंबित राहतं, त्या काळात पीडीयू भरून ते परत चालू करता येतं, मात्र तोवर नावापुढे पीएमपी लावता येत नाही. मायक्रोसॉफ्टला थेट पूर्ण परीक्षा. एडब्ल्यूएसला तीच किंवा वरची परीक्षा. उलटलंच आहे तर वरचीचा विचार करा.

बायोडेटात संपलेलं सर्टिफिकेट चालू असल्यासारखं लिहू नका. बॅजच्या लिंकवर एका क्लिकमध्ये ते उघडं पडतं. ‘सीसीएनए, २०२१ ते २०२४’ असं वर्षांसकट लिहा, आणि पुन्हा देत असाल तर परीक्षेची ठरलेली तारीख त्याच ओळीत टाका.